तांदळाच्या डब्यातली बिजागरी

नात शीळफाट्याला कामाला लागली त्याला आता वर्ष होत आलं. विजेवरच्या स्कूटरचं काम आहे. परदेशातून खोक्यांमध्ये सुटे भाग येतात आणि पत्र्याच्या गाळ्यात या पोरी ते जोडून गाड्या उभ्या करतात. संध्याकाळी घरी येते, बॅग पलंगावर फेकते आणि म्हणते, "आजी, आज आम्ही एवढ्या गाड्या बनवल्या ना, हात गेले माझे."

"बनवल्या नाहीत गं बये. जोडल्या."

"तेच ते."

"तेच नाही."

मग ती चिडते. चिडू दे. हे वाक्य माझं नाहीच, तिच्या आजोबांचं आहे. आणि ते ज्या बाईला हे ऐकवायचे, ती बाई नातीच्या दहापट फुशारकी मारायची. तिशीला टेकलेली, एका लेकीची आई, कल्याण पूर्वेला चाळीत राहणारी, आणि अक्कल मात्र दोन रिबिनी बांधायच्या वयातच राहिलेली. ती बाई मी. आज ती रस्त्यात भेटली तर ओळख न दाखवता पलीकडच्या बाजूने जाईन.

तेव्हा आमच्या यांचं कामही त्याच बाजूला होतं, शीळफाट्याच्या अलीकडे. स्कूटर नव्हे, मोटारी. मोबाइल अजून कुणाच्या हातात नव्हते आणि रस्त्यावर नव्या तऱ्हेची मोटार दिसली की माणसं मान वळवून बघायची. कुठल्याशा देशातून रंगवलेला सांगाडा वेगळा, दारं वेगळी, इंजिन वेगळं, असं लाकडी पेट्यांतून यायचं आणि आमच्या शेडमध्ये ते जुळवायचं. "आमच्या शेडमध्ये", बघा, अजून जात नाही.

नळावर मी सगळ्यांना सांगायचे, "आमचे हे फॉरेनची गाडी बनवतात."

"मग एखादी घरी का आणत नाहीत?" शेजारीण विचारायची.

"गल्लीत शिरणार नाही ती."

हे घरी कळलं की हे कपाळाला हात लावायचे. "अगं, ती तिकडेच बनते. आपण पेटी उघडायची आणि ज्याच्या त्याच्या जागी बसवायचं. मी फक्त दारं लावतो. बाकीची गाडी मला विचारतही नाही."

"मग अख्खीच का नाही आणत?"

"अख्खी आणली की कर जास्त. सुटी आणली की कमी."

"म्हणजे वऱ्हाडाचा खर्च वाचवायला नवरी तुकड्यातुकड्यांनी आणायची!"

हे हसले की डोळे मिटायचे. हसवायला मला आवडायचं. तेवढं एक त्या बाईचं चांगलं.

आमचं घर त्या पेट्यांवरच उभं होतं म्हणा ना. रिकाम्या पेट्यांचं लाकूड कामगारांना मिळायचं. पिवळं, हलकं, खिळा ठोकला की राळेचा वास यायचा. आमचा पलंग त्याचा, शाळेत जाणाऱ्या लेकीचं लिहायचं मेज त्याचं, भांड्यांची मांडणी त्याची. सगळ्यावर परदेशी अक्षरं, वर जाणारा बाण, छत्री आणि एक उंच दांड्याचा ग्लास. आत फुटणारी वस्तू आहे, जपून ठेवा, असा त्या ग्लासाचा अर्थ. पण ज्या फळीवर आम्ही बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला, नेमका तिच्यावरच तो ग्लास आला. सासूबाईंनी बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "बाबासाहेबांच्या पायाशी दारूचा ग्लास? कुणी लावली ही फळी?" ग्लासाचा अर्थ त्यांना समजावण्यापेक्षा त्यावर कॅलेंडरचं पान चिकटवणं सोपं होतं. तेच केलं.

त्या साली एक गाडी अशा रंगाची आली की शेडमध्ये सगळे हसले. हिरवा नाही, निळा नाही, शेवाळावर दूध सांडल्यासारखा काहीतरी. त्या रंगाची एकच पेटी आली होती. "असला रंग आपल्याकडे कोण घेणार?" हे म्हणाले. पेट्यांबरोबर ओरखडे झाकायला रंगाची छोटी बाटली येते, तिच्यातला एक थेंब यांच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर पडून वाळला होता. मला तो रंग इतका आवडला की झाकण घेऊन मी कल्याणच्या बाजारात गेले.

दुकानदाराने झाकण उलटसुलट करून बघितलं. "वहिनी, लोक ब्लाउज पीस आणतात मॅचिंगला. डब्याचं झाकण आज पहिल्यांदा आलं."

साडी मिळाली. अगदी तोच रंग. गाडी मी बघितलेली नव्हती, पण तिच्या रंगाची साडी नेसून चाळीत अशी फिरले, जणू मागच्या सीटवर मीच बसणार होते.

मग तिकडची कंपनी आणि इकडचा मालक यांचं काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते आम्हाला कोण सांगणार? पेट्या यायच्या बंद झाल्या एवढं कळलं. स्टोअरमध्ये होत्या त्या उघडायच्या, त्यातल्या गाड्या जोडायच्या आणि शेवटची गाडी बाहेर पडली की गेट बंद, अशी कुजबुज सुरू झाली. युनियन ठाण्याला कोर्टात गेली. वकिलाने सगळ्यांना उभं करून सांगितलं, आत काम चालू आहे तोवर कोर्टाला काहीतरी अडवता येईल. काम संपल्यावर मग अडवायला काय उरणार? तारीख लागायची होती. आणि तारखेच्या आधी पेट्या संपणार हे शेडमध्ये झाडू मारणाऱ्यालाही दिसत होतं.

एका संध्याकाळी हे आले आणि डबा माझ्या हातात दिला. डबा जड. वर खाल्ल्यासारखं करून ठेवलेली सुकट, अर्धी भाकरी. सुकटीचा वास आला की गेटवरचा माणूस डब्यात बोट घालत नाही, लांबूनच जा म्हणतो, हे यांनी बरोबर हेरलं होतं. भाकरी उचलली तर खाली लोखंड. तळहाताएवढं, काळं, दोन पाकळ्यांचं, मधली खीळ इतकी गुळगुळीत की पाकळी बोटाने ढकलली तर आवाज न करता फिरायची.

"हे काय?"

"बिजागरी. त्या तुझ्या साडीवाल्या गाडीची. मागच्या डाव्या दाराची, खालची."

"आणि घरी का आणली?"

यांनी दार लोटून घेतलं. "ही नसली तर दार लागत नाही. दार नसलं तर गाडी बाहेर जात नाही. ती गेली नाही तर काम बाकी आहे. तारीख लागेपर्यंत एवढं पुरे."

"दुसरी मागवली त्यांनी तर?"

"तिकडून? तिकडचे आता आपला फोनही उचलत नाहीत."

मी ती तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी पुरली. आणि त्या दिवसापासून ती बया बदललीच. नळावर कुणी कारखान्याचं रडगाणं लावलं की मी तोंड मिटून गूढ हसायचे. अख्खा कारखाना माझ्या तांदळात आहे आणि या भोळ्या बायांना पत्ता नाही, असं ते हसू. पाहुणी तांदूळ निवडायला पुढे झाली की मी धावायचे. लेकीला डब्याजवळ फिरकू द्यायचे नाही. वाण्याकडून नवे तांदूळ आले की आधी ती बाहेर काढायची, पुसायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायची, परत पुरायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तांदळाला इतकं जपतेस, तेवढं मला जप की गं."

यांनी कामावरून आल्यावर चप्पल काढता काढता विचारायचं, "आहे ना?"

मी डब्यात कोपरापर्यंत हात घालायचे. "आहे."

बिजागरी हरवली म्हणून शेडमध्ये शोधाशोध झाली, मग ती थांबली. गाडी मागच्या कोपऱ्यात नेऊन ताडपत्रीखाली ठेवली, असं हे सांगायचे. "जाता-येता बघतो मी. ताडपत्री तशीच आहे." बाकीच्या गाड्या संपत आल्या, पण यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी तर निर्धास्तच.

गणपतीत एका सकाळी हे गेले तसेच परत आले. गेटला साखळी घातली होती आणि त्यावर नोटीस चिकटवली होती.

मी म्हटलं, "आणि ती गाडी?"

"तेच तर. आत अर्धवट आहे ना. काम संपलं असं म्हणताच येणार नाही त्यांना. मी सांगणार आहे वकिलाला." बिजागरीचं नव्हतं सांगायचं, गाडीचं सांगायचं होतं.

तारखा लागायला लागल्या आणि पुढे जायला लागल्या. हे दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्याला जायचे. दुसरीकडे काम बघा, असं सासूबाई म्हणाल्या की तुटून पडायचे त्यांच्यावर. "उद्या गेट उघडलं आणि मी दुसरीकडे असलो तर? त्या गाडीचं दार कोण लावणार?" बरोबरची माणसं एकेक करून रिक्षा चालवायला लागली, भाजी विकायला लागली. यांनी घरात बसून पेट्यांच्या उरलेल्या लाकडाचे पाट केले. कुणाला नको असलेले पाट. भिंतीशी थप्पी लागली. मी एका केटररकडे पुऱ्या लाटायला जायला लागले. संध्याकाळी मी दमून यायचे आणि आता चप्पल मी काढायचे, पण प्रश्न यांचाच असायचा.

"आहे ना?"

"आहे."

उन्हाळ्यात डोंबिवलीच्या बाजूला एक मोठं लग्न होतं. पूर्वी भातशेती करणारं आगरी घर, जमिनींना भाव आल्यावर बंगला झालेलं. बाकीच्या साड्या धुवायला टाकल्या होत्या म्हणून मी तीच नेसून गेले होते, शेवाळावर दूध सांडलेली. आम्ही मंडपामागे पुऱ्या लाटत होतो. वाजंत्री जवळ आली तशा सगळ्या उठून कनातीच्या फटीतून बघायला लागल्या.

"अगं बाई," एक जण मला कोपर मारत म्हणाली, "नवऱ्याच्या गाडीला मॅचिंग करून आलीस की!"

झेंडूच्या जाळीखाली ती गाडी उभी होती. माझ्या पदरासारखी. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मागचं डावं दार उघडलं. उघडल्या उघडल्या खाली झुकलं. नवरा मुलगा उतरला आणि ड्रायव्हरने दार दोन्ही हातांनी उचलून, आमच्या चाळीतलं कपाट लावतात तसं, ढकलून लावलं.

त्या दुपारी मी किती पुऱ्या लाटल्या आणि कशा लाटल्या, देव जाणे. वाकड्याच असणार.

ज्या घरात खाटेच्या पायाखाली वीट, कुकरच्या कानाला तार आणि चष्म्याच्या काडीला दोरा, त्या घरातल्या दोन शहाण्या माणसांना वाटलं होतं की एका परदेशी बिजागरीवाचून या मुलखात एक गाडी अडून राहील. इथे? जिथे रस्त्याकडेचा वेल्डर पाण्याच्या टाकीला झाकण लावतो आणि त्याच हाताने स्टोव्हला पाय लावतो? कारखान्याला लागली असेल फक्त एक दुपार. आणि मी ती बिजागरी तेल लावून जपत बसले होते. असली बाई दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर मी पोट धरून हसले असते.

घरी आले. हे पाटाला पॉलिश कागद मारत होते. सांगू की नको, असा विचार करायला मला तेव्हा यायचंच नाही. उंबऱ्यातच मी म्हणाले, "अहो, ती गाडी बघितली मी. लग्नात."

"कुठली?"

"ती. आपली."

"त्या रंगाच्या दुसऱ्याही असतील."

"एकच पेटी आली, असं तुम्हीच म्हणालेलात. आणि दार झुकतं तिचं. मागचं डावं."

यांचा हात थांबला. "कसं झुकतं?"

मी फडताळाचं सैल दार उघडून दाखवलं. यांनी ते परत लावायला लावलं, परत उघडायला लावलं. मला वाटलं, आता कारखान्याला शिव्या घालतील, रडतील. कागद खाली ठेवून म्हणाले, "त्या बाजूला लहान मुलं बसत असतील का गं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या बंगल्यावर गेलो. बोल्ट सोडवायचे पाने फडक्यात गुंडाळून यांच्या हातात, आणि माझ्या पिशवीत बिजागरी. निघताना मी ती तांदळातून काढली तेव्हा यांनी विचारलं नाही की आहे का. एकट्यांना सोडलं नाही मी, कारण हे भांडतील अशी भीती होती. म्हणजे यांना मी किती ओळखत होते ते बघा.

पडवीत नवऱ्या मुलाचे वडील खुर्चीत बसले होते. अंगावर बनियन, गळ्यात साखळी. "काय रं, कनचा तू?"

"गाडीचं दार झुकतंय म्हणून आलोय. त्या कारखान्यात दारं मीच लावायचो."

"बरा झाला आलास. ये गारीचा दार पयल्यापासून परतंय. बग जमतंय काय."

"गाडी कधी घेतली, शेठ?"

"गटारीच्या आदी आनली. रंगापायी कोन घेत नव्हता, मना सस्त्यात दिली."

गटारी म्हणजे श्रावणाच्या तोंडावर. आणि गेट बंद झालं गणपतीत. मी यांच्याकडे बघितलं. हे गाडीकडे बघत होते.

यांनी दार उघडलं आणि दुसऱ्या हाताने त्याला खालून आधार दिला, जसा म्हाताऱ्या माणसाला देतात. मग उकिडवे बसून आत वाकले. मी पिशवीतून बिजागरी काढून पुढे धरली. यांनी ती घेतली नाही. बोट फिरवत राहिले कुठेतरी आत. मी वाकून बघितलं. वरची बिजागरी होती तशी, काळी आणि गुळगुळीत. खाली मात्र लोखंडी फाटकाला असते तसली जाड पट्टी, दाराला आणि खांबाला थेट वेल्डिंगने चिकटवलेली. वेल्डिंगचे ओघळ सुकलेल्या मेणासारखे. खऱ्या बिजागरीच्या बोल्टांची भोकं त्या ओघळांखाली बुजून गेली होती.

"बसते का?" मी हळूच विचारलं.

"जागाच नाही ठेवलेली."

उठले. हात फडक्याला पुसले. शेठना म्हणाले, "वरचीला तेल देत जा. सगळा भार तिच्यावर आहे. आणि मुलांना या बाजूने बसवू नका."

"चाय घेस," शेठ म्हणाले. आम्ही चहा घेतला. चांगला होता चहा, हे मला आठवतं आणि का आठवतं कळत नाही.

परतताना रस्त्याला बस येईना. हे डांबराकडे बघत उभे होते. तसेच बघत म्हणाले, "मग ताडपत्रीखाली काय होतं?"

"रिकाम्या पेट्या असतील."

"रोज बघायचो मी."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

पुढच्या तारखेला शर्ट इस्त्री केला नाही. मी विचारलंही नाही. पाट सासूबाईंनी हळूहळू चुलीत घातले. यांनी ठाण्याला एका मोठ्या सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली, गाड्या आल्या की फाटक उघडायचं, गेल्या की लावायचं. लोक सांगत, त्या फाटकाचा कधी आवाज येत नसे. तेलाची बाटली यांच्या खुर्चीखाली असायची. "आहे ना?" हे मात्र परत कधी विचारलं नाही, आणि डब्यात हात घालून मी कधी आपणहून सांगितलं नाही. घरात हसणं होतं, पण डोळे मिटून हसणं गेलं. नात व्हायच्या आधी हे गेले. छातीत कळ आली आणि खुर्चीतच.

बिजागरी मी टाकली नाही. चाळ गेली, बिल्डिंग आली, डबा स्टीलचा झाला, ती तळाशीच. मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बघितली आणि विचारलं, हे काय हो आजी? मी म्हटलं, लोखंड ठेवलं की तांदळाला किडे होत नाहीत, आमच्याकडे पूर्वापार ठेवतात. आता बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत तांदळात लोखंड आहे. एकीने तर जुनी कडी ठेवलीय. किडे होतात ते होतातच.

परवा नात आली, बॅग फेकली नाही. खुर्चीत बसली.

"काय गं?"

"खोकी यायची बंद झालीत आजी. शेठ म्हणतो, आहेत तेवढी जोडा, मग बघू."

"मग?"

"मग काय, बघू."

ती तोंड धुवायला गेली. मी तिची बॅग उघडली आणि जेवणाचा डबा काढला. हातात तोलून बघितला. झाकण उघडलं, पोळी उचलली, भाजीत चमचा घालून तळापर्यंत फिरवला.

"आजी! काय शोधतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "डबा संपवत जा गं. अर्धा परत आणतेस."